दुहेरी केबिनची पिकअप गाडी

दुहेरी केबिनची पिकअप गाडी म्हणजे पुढे चार दारांचे, आसनांच्या दोन ओळींचे केबिन आणि मागे उघडा हौदा असलेले हलके मालवाहू वाहन होय. ऑस्ट्रेलियात अशा गाडीला ‘यूट’ म्हणतात. जळगाव व धुळे जिल्ह्यांत तिचे परिचित रूप म्हणजे महिंद्रा बोलेरो कॅम्पर. मजूर आणि खते, पाइप वा पंप एकाच फेरीत शेतावर नेता येतात, हे तिचे प्रयोजन.

लहान इंजिन

इंजिन लहान झाले की गाडी दुबळी होते, हा समज निम्माच खरा आहे. इसुझूची व्ही-क्रॉस ही याच प्रकारची गाडी २०१६ मध्ये भारतात आली, तेव्हा तिचे इंजिन २४९९ सीसीचे होते. शक्ती १३४ अश्वशक्ती आणि टॉर्क (फिरवण्याचा जोर) ३२० न्यूटन-मीटर. भारत स्टेज ६ मानकांनंतर, २०२१ मध्ये, १८९८ सीसीचे इंजिन आले. शक्ती सुमारे १६० अश्वशक्ती झाली, टॉर्क ३६०. टर्बोचार्जर हवा दाबून भरतो आणि कॉमन रेल पद्धतीत इंधन उच्च दाबाने फवारले जाते, त्यामुळे लहान सिलिंडरातही अधिक इंधन जाळता येते.

कामाच्या गाडीचे मूल्यमापन मात्र कमाल आकड्यावर करू नये. तो जोर मिनिटाला किती फेऱ्यांपासून मिळतो, हे महत्त्वाचे. बोलेरो या प्रवासी गाडीत १४९३ सीसीचे तीन सिलिंडरांचे इंजिन आहे. २१० न्यूटन-मीटर टॉर्क १६०० फेऱ्यांपासून मिळतो. कॅम्परच्या २५२३ सीसी, चार सिलिंडरांच्या इंजिनात २०० न्यूटन-मीटर १४०० फेऱ्यांपासूनच मिळतो. दोहोंची शक्ती सुमारे ७५ अश्वशक्ती. कागदावर लहान इंजिन किंचित सरस दिसते. पण चाळीसगाव–कन्नड घाटात भरलेली गाडी चढावर थांबून पुन्हा निघते, तेव्हा टर्बोचार्जर अजून जागा झालेला नसतो. त्या क्षणी सिलिंडराचा आकारच कामी येतो. तो अपुरा पडल्यास चालक क्लच अर्धवट दाबून धरतो आणि क्लचची झीज वाढते. प्रवासी बोलेरोतील लहान इंजिनामागे करसवलतही आहे: चार मीटरपेक्षा कमी लांबी आणि १५०० सीसीपर्यंतचे डिझेल इंजिन असलेल्या मोटारींना कर कमी लागतो. ओझ्याशी त्या मर्यादेचा संबंध नाही.

खानदेशात मे महिन्यात तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते. तापलेली हवा विरळ असते, म्हणून इंटरकूलर व रेडिएटर स्वच्छ हवेत. धूळ व कापसाचे तंतू त्यांच्या जाळीत अडकतात. रिकाम्या गाडीची महामार्गावरील चाचणी यातले काहीच सांगत नाही. हौदा भरून, वातानुकूलन चालू ठेवून, उन्हाळ्याच्या दुपारी चढावर थांबवून पुन्हा सुरू केलेली गाडीच खरेदीदाराला उपयुक्त माहिती देते.