पान, शेंडा आणि राळ : गांजाच्या वादातले गैरसमज

गांजावरची बंदी उठवावी का, हा वाद आपल्याकडे हमखास महाशिवरात्रीच्या भांगेपासून सुरू होतो. भांग चालते, मग गांजानं काय घोडं मारलंय? याचं उत्तर श्रद्धेत नाही, व्याख्येत आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानं, म्हणजे कोर्टकचेरीतल्या भाषेत 'एनडीपीएस'नं, एकाच झाडाची वाटणी केली. फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा, झाडाची वेगळी काढलेली राळ म्हणजे चरस. शेंड्यांविना असलेली पानं आणि बिया मात्र या कायद्याबाहेर. भांग पानांची, म्हणून ती सुटली; पण मोकाट नाही. ती राज्यांच्या हाती आहे. उत्तर प्रदेशात आणि राजस्थानात भांगेची परवानाधारक दुकानं दिसतात, महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे ती परवान्याशिवाय जवळ बाळगता येत नाही. ही वाटणी कागदापुरती आहे असंही समजू नये. २० किलोंपेक्षा जास्त गांजा 'व्यावसायिक प्रमाण' ठरतो, त्याला किमान १० वर्षं सक्तमजुरी आणि जामीन महाकठीण. आता पोलिसांनी पोत्यातली पानं, देठ, बिया शेंड्यांसकट काट्यावर घातल्या, तर वजन भरतं कशाचं? याच शंकेवरून मुंबई उच्च न्यायालयानं आरोपींना जामीनही दिलेले आहेत.

'अमेरिकेच्या दबावाखाली बंदी आली, नाहीतर आपल्याकडे सगळं खुलं होतं' हेही अर्धसत्यच. अमेरिकेचा आग्रह होता हे खरं. पण १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारतानं सही केली होती, आणि औषधाखेरीज होणारा गांजाचा वापर थांबवायला त्या करारात २५ वर्षांची मुदत होती. त्याआधीही खुलं असं काही नव्हतं. परवाने होते, अबकारी कर होता. ब्रिटिशांनी १८९३-९४ मध्ये नेमलेल्या आयोगानं हजाराहून अधिक साक्षी नोंदवल्या. वेड्यांच्या इस्पितळांच्या ज्या नोंदींवरून 'गांजानं वेड लागतं' असं सांगितलं जाई, त्या तपासल्यावर फारच ढिसाळ निघाल्या. बंदी नको, कर आणि नियंत्रण हवं, असा आयोगाचा निष्कर्ष होता. आजचे समर्थक हा अहवाल नाचवतात, पण बेताच्या सेवनाबद्दल त्यानं जे म्हटलं ते अतिसेवनाला लागू नाही, हे वाक्य गाळतात.

कारण 'झाडपाल्याचं आहे, अपाय काय होणार' हा समज सगळ्यांत महागात पडणारा आहे. धोतराही झाडपालाच. गांजा घेणाऱ्या बहुतेकांना त्याचं व्यसन लागत नाही, पण काहींना निश्चित लागतं, आणि कोवळ्या वयात सुरुवात केलेल्यांत हे प्रमाण वाढतं. नशा आणणारा टीएचसी हा घटक जितका तीव्र आणि सेवन जितकं नित्याचं, तितका मनोविकाराचा धोका जास्त. 'एम्स'नं केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार वर्षभरात सुमारे ३.१ कोटी भारतीयांनी भांग, गांजा किंवा चरस घेतली होती; त्यांपैकी सुमारे ७२ लाखांना या सवयीपायी मदतीची गरज होती. औषधी उपयोगाचं म्हणाल, तर तो आहे, पण मोजक्या आजारांत. अपस्माराच्या काही दुर्मीळ प्रकारांवर या झाडातल्या, नशा न आणणाऱ्या सीबीडीचं औषध अमेरिकेनं २०१८ मध्ये मंजूर केलं. चिलीम ओढणं म्हणजे ते औषध घेणं नव्हे.

मग बंदीच बरी? इथेच वाद फसतो, कारण बंदी किंवा खुली विक्री असे दोनच पर्याय धरले जातात. थायलंडनं जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, पण विक्रीचे नियम आधी केले नाहीत. हजारो दुकानं उघडली आणि २०२५ मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घालावी लागली. पोर्तुगालनं २००१ पासून वेगळी वाट धरली: विकणारा आजही गुन्हेगार, पण स्वतःपुरता थोडा साठा बाळगणारा फौजदारी कोर्टाऐवजी डॉक्टर, समाजसेवक, कायदेतज्ज्ञ यांच्या समितीपुढे जातो. 'शिक्षेचा धाक गेला की पोरं बिघडतील' हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण पोर्तुगालमध्ये व्यसनाचा जो पूर येईल असं म्हटलं जात होतं, तो आला नाही. आपल्याकडे गांजा ओढल्याबद्दल आजही सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. उपचार घ्यायला तयार असलेल्या व्यसनीला खटल्यातून सूट देणारं कलम ६४-अ त्याच कायद्यात आहे, आणि माझ्या मते सुरुवात तिथूनच व्हावी: ओढणाऱ्याला दवाखाना, विकणाऱ्याला तुरुंग, आणि दुकानांचा विषय तूर्त बाजूला. संसदेनं हा कायदा २०२१ च्या डिसेंबरात दुरुस्त केला खरा, पण तो आधीच्या दुरुस्तीत राहिलेली कलम-क्रमांकाची एक चूक निस्तरण्यापुरता.