सदनिकांतील गॅस गिझरची सुरक्षित जोडणी : बिबवेवाडी परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

शीत प्रदेशात घर उबदार ठेवण्यासाठी गॅसवर चालणारी भट्टी बसवितात व तिचा धूर नळीवाटे घराबाहेर सोडतात. पुण्याच्या हवामानात अशा भट्टीचे प्रयोजन नाही. येथे तिची जागा स्नानाचे पाणी तापविणाऱ्या गॅस गिझरने घेतली आहे. बिबवेवाडीसारख्या दाट वस्तीच्या उपनगरातील सदनिकांत हे उपकरण बसविताना कोणते शास्त्रीय तत्त्व पाळावयास हवे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

हवेचा हिशेब

गॅस म्हटले की सर्वसामान्य माणसास गळतीची भीती वाटते. गळतीची सूचना निदान वासाने मिळते, कारण मुळात गंधहीन असलेल्या इंधनात उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते. गिझरचा खरा धोका मात्र ज्वलनास लागणाऱ्या हवेशी निगडित आहे. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापविणारा गिझर तासाला सुमारे १ किलो एलपीजी जाळतो आणि त्यासाठी १२ ते १३ घनमीटर हवा लागते. म्हणजे दहा मिनिटांच्या स्नानात सुमारे २ घनमीटर हवेतील ऑक्सिजन संपतो. ७ फूट लांब, ४ फूट रुंद व ९ फूट उंच स्नानगृहात एकूण हवाच ७ घनमीटर असते. थंडीमुळे खिडकीच्या काचपट्ट्या बंद असतील व बाहेरून हवा येत नसेल, तर ऑक्सिजनचे प्रमाण २१ टक्क्यांवरून १५ टक्क्यांपर्यंत घसरू शकते. दाराच्या फटीतून थोडी हवा येते हे खरे. परंतु तेवढ्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

ऑक्सिजन कमी पडू लागताच ज्वलन अपुरे होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्टपणे संयोग पावतो. डोके दुखणे, मळमळणे ही लक्षणे पित्ताची समजली जातात आणि बंद कडीमागे माणूस बेशुद्ध होतो.

जोडणीची जागा

यास्तव गिझर स्नानगृहात बसवूच नये. तो उघड्या बाल्कनीत बसवून केवळ गरम पाणी नळाने आत आणावे. मात्र तीच बाल्कनी पुढे सरकत्या काचा लावून बंदिस्त केली, तर मूळ दोष परत येतो. शहरात हे सर्रास घडते. धुराची नळी दोन इमारतींमधील अरुंद डक्टमध्ये सोडणेही गैर, कारण उष्ण वायू वर चढून वरच्या मजल्यावरील खिडकीत शिरतो. एक्झॉस्ट पंखा हा पूर्ण उपाय नव्हे. ताजी हवा आत येण्यास वाट नसेल, तर पंखा नळीतील धूरच आत ओढू शकतो.

इंधनभेदही लक्षात घ्यावा लागतो. महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेडची स्थापना २००६ मध्ये झाली व पुण्यात घरोघरी नळाने गॅस पोहोचू लागला. हा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, तर एलपीजी जड असतो. त्यामुळे गळती झाल्यास पहिला छताशी व दुसरा जमिनीलगत साचतो. झरोक्याची जागा त्यानुसार ठरवावी. दोहोंचा दाब व उष्मांक भिन्न असल्याने एलपीजीसाठी बनविलेला गिझर जेट न बदलता नळाच्या गॅसवर चालवू नये. हे काम अधिकृत तंत्रज्ञाचेच आहे. सांधे साबणाच्या पाण्याने तपासावेत, काडी पेटवून कधीही नव्हे. ज्योत निळी असावी. ती पिवळी दिसल्यास गिझर बंद ठेवून तपासून घ्यावा.

बाधा झाल्यास

बाधित व्यक्तीस प्रथम मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा व तत्काळ रुग्णालयात न्यावे. साध्या हवेत रक्तातील हा विषारी वायू निम्मा होण्यास चार ते पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजन दिल्यास हा काळ सुमारे दीड तासावर येतो. बोटाला लावावयाचा ऑक्सिमीटर अशा वेळी समाधानकारक आकडा दाखवितो, कारण त्यास ऑक्सिजनयुक्त व कार्बन मोनॉक्साइडयुक्त हिमोग्लोबिनातील भेद कळत नाही. म्हणूनच गिझर चालू होता, ही गोष्ट नातेवाइकांनी डॉक्टरांना आवर्जून सांगावयास हवी.