राहून गेलेली टोचणी

परवा नातीच्या शाळाप्रवेशाचे कागद जुळवीत बसले होते. जन्माचा दाखला मिळाला, आणि कपाटाच्या तळाशी, लग्नाच्या अल्बमखाली, तिचे लसीकरणाचे कार्डही मिळाले. जन्मल्याबरोबर बीसीजी, मग सहा, दहा, चौदा आठवडे, नववा महिना, सगळीकडे तारखा. त्यापुढे मात्र १६ ते २४ महिन्यांत द्यायचा गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा बूस्टर, दोन्ही रकाने कोरे! आणि पोर तर चार वर्षांची झालेली!

"अगं, हे काय?" म्हणताच सूनबाईंनी जीभ चावली. ठरल्या दिवशी पोरीला सर्दी होती, म्हणून "पुढच्या आठवड्यात जाऊ" झाले, (साध्या सर्दीत लस देता येते, हे आम्हां कुणालाच ठाऊक नव्हते!) त्याच महिन्यात ठाण्याला बिऱ्हाड हलले. धडधाकट, धावत्या पोरीला आठवणीने सुई टोचायला कोण नेतो?

दोष एकट्या तिचा कसा? माझ्या दंडावर देवीचा वण आहे. आमच्या लहानपणी एकदा देवी काढल्या की घरचे निश्चिंत. त्याच हिशेबाने मीही "गोवराची झाली ना?" एवढेच विचारले होते. नवव्या महिन्यात लस टोचूनही शंभरांतल्या सुमारे पंधरा मुलांना ती लागू पडत नाही. दुसरा डोस त्यांच्यासाठी. आपले मूल त्या पंधरांतले की काय, हे वरून दिसत नाही.

आमच्या कामवाल्या बाई तेव्हा गोवंडीला राहत. २०२२ साली गोवराची साथ आली तेव्हा त्यांच्या नातवाचाही हाच डोस राहिलेला. "आम्ही नको कुठं म्हटलं, आजी? खाडा करून गेले, तर पोरं कमी म्हणून बाटली फोडली नाही. पुन्हा बोलावलं; पुन्हा खाडा कसा करू?" बाटली फोडली की चार तासांत संपवावी, नाहीतर फेकावी लागते, म्हणून हात आखडतो. पण लस वाया गेलेली परवडली, पोर परत पाठवू नये! त्या नातवाला गोवर निघाला. वाचला, पण कान पुढे कितीतरी दिवस वाहत होता.

सगळे पहिल्यापासून टोचावे लागणार, या धास्तीने आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "राहिलं तिथून पुढे." एकाच बैठकीत दोन्ही सुया झाल्या.

कार्ड आता स्वयंपाकघरात, कालनिर्णयाच्याच खिळ्याला अडकवले आहे. पाच ते सहा वर्षांचा बूस्टर अजून व्हायचा आहे.