परिचारिका आणि रोगनिदानाची तर्कविद्या

डॉक्टरांनी रोगाचे निदान करावे व परिचारिकेने ठरलेले औषध वेळेवर द्यावे, ही वाटणी आपल्या अंगवळणी पडलेली आहे. परंतु रुग्ण तपासून स्वतः निष्कर्ष काढण्याचे शिक्षण परिचारिकांना देण्याचा उपक्रम लोरेटा फोर्ड व डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी १९६५ साली अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केला. भारतीय परिचर्या परिषदेनेही अतिदक्षता विभागासाठी असा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला आहे. मग निदान शिकवावयाचे म्हणजे नेमके काय शिकवावयाचे?

लक्षणांच्या याद्या पाठ करविणे, हे त्याचे उत्तर नव्हे. एक उदाहरण घेऊ. पंचावन्न वर्षांची एक मधुमेही बाई रात्री रुग्णालयात येते. पोटात वरच्या बाजूला जळजळते, मळमळते, दरदरून घाम सुटला आहे. “काल लग्नात जेवले, पित्त झाले,” असे तीच सांगते. शिक्षिका हकीकत येथेच थांबवून विद्यार्थिनींना विचारते, “तुमच्या मनात काय काय आले?” केवळ ‘पित्त’ एवढेच उत्तर आले, तर खरा धडा येथून सुरू होतो. हे आणखी कशाने होईल? त्यांतले कोणते ओळखावयाचे राहिल्यास जीव जाईल? नुसत्या पित्ताने इतका घाम का सुटावा? मधुमेही रुग्णांत हृदयविकाराचा झटका छातीत कळ न येताही येऊ शकतो. म्हणून दहा मिनिटांच्या आत ई.सी.जी. काढावयाचा, तो निर्दोष आला तरी निश्चिंत न होता पुन्हा काढावयाचा व रक्त तपासावयाचे.

न्यायशास्त्रात धुरावरून अग्नीचे अनुमान करतात. पण डोंगरावर दिसतो तो धूर की धुके, हे आधी पाहावे लागते. आर्थर एल्स्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ च्या ग्रंथात दाखविले की, अनुभवी डॉक्टरही माहिती पुरी होण्यापूर्वीच काही शक्यता मनात धरतात. तेव्हा तर्क लवकर सुचणे हा दोष नव्हे; पहिल्या तर्कालाच चिकटून बसणे हा दोष होय. त्यांना असेही आढळले की, एका रोगातील हुशारी दुसऱ्या रोगात उपयोगी पडेलच असे नाही. म्हणून नाना प्रकारचे रुग्ण पाहणे, आणि “माझा तर्क चुकला” असे निर्भयपणे म्हणता येणे, या दोन्ही गोष्टी शिक्षणात हव्यात.

मध्यरात्री रुग्णाच्या उशाशी बहुधा परिचारिकाच असते. तिची शंका वेळेवर जागी झाली, तर प्राण वाचतो. आपणही तिला साह्य करू शकतो. रुग्णालयात गेल्यावर ‘पित्त झाले’ असा निर्णय आपणच देऊ नये. काय होते, केव्हापासून होते, एवढे नीट सांगावे, अशी आमची विनंती आहे.