द्राक्षाचा खुंट : देशोदेशींच्या अनुभवाचा धडा

द्राक्षबाग एकदा लावली म्हणजे ती पुष्कळ वर्षे तेथेच उभी राहावयाची असते. हंगामी पिकात झालेली चूक पुढील हंगामात सुधारता येते; खुंटाच्या निवडीतील चूक मात्र बागायतदारास वर्षानुवर्षे भोगावी लागते. म्हणून इतर मुलखांतील बागायतदारांचा अनुभव द्राक्षाच्या बाबतीत विशेष मोलाचा ठरतो. तो कसा घ्यावा व कसा पारखावा, हे फ्रान्सच्या उदाहरणावरून चांगले उमजते.

मुळांवरील शत्रू

इ. स. १८६३ च्या सुमारास दक्षिण फ्रान्समधील वेली कारण न कळता सुकू लागल्या. मेलेल्या वेली उपटून पाहिल्या तरी मुळांवर काहीच सापडेना. १८६८ मध्ये माँपेल्ये येथील वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशाँ व त्यांचे सहकारी यांनी शेजारच्या जिवंत वेली उपटल्या, तेव्हा त्यांच्या मुळांवर रस शोषणारे पिवळसर, सूक्ष्म कीटक आढळले. वेल मरताच ते दुसऱ्या वेलीकडे सरकत. हाच फायलोक्झेरा होय. अमेरिकेतून आणलेल्या वेलींबरोबर तो युरोपात शिरला होता.

कार्बन डायसल्फाइड हे विषारी द्रव्य जमिनीत सोडण्याचा उपाय झाला. परंतु तो खर्चाचा होता व पुन्हा पुन्हा करावा लागे. टिकाऊ उपाय ज्ञानाच्या देवाणघेवाणीतून मिळाला. अमेरिकेतील मिसूरी राज्याचे कीटकशास्त्रज्ञ रायली यांनी हा कीटक अमेरिकेतीलच असल्याचे दाखवून दिले. तेथील रानवेली त्याला तोंड देऊन जगतात, हेही ध्यानात आले. १८७३ मध्ये प्लांशाँ स्वतः अमेरिकेस जाऊन आले. पुढे अमेरिकन वेलीचा खुंट व त्यावर युरोपीय जातीचे कलम ही पद्धत रूढ झाली. जमिनीत विष न घालता कीटकाचा उपद्रव सोसणारी ही योजना सेंद्रिय द्राक्षशेतीसही आधारभूत ठरली आहे.

चुनखडीची अडचण

तथापि, एका ठिकाणी जगलेला खुंट दुसऱ्या ठिकाणी जगेलच असे नाही. कोन्याक परिसरातील चुनखडीच्या जमिनीत प्रारंभीच्या अमेरिकन खुंटांची पाने पिवळी पडू लागली. तेव्हा १८८७ मध्ये फ्रेंच सरकारने पिएर व्हियाला यांना अमेरिकेस पाठविले. टेक्सास राज्यातील डेनिसन येथील द्राक्षतज्ज्ञ मन्सन यांनी त्यांस चुनखडीच्या टेकड्यांवर वाढणाऱ्या बर्लांडिएरी जातीची माहिती दिली. या जातीच्या काडीस मुळे सहज फुटत नाहीत, म्हणून तिचा इतर जातींशी संकर करून खुंट तयार करण्यात आले. १८८८ मध्ये फ्रेंच सरकारने मन्सन यांचा सन्मान केला.

दुर्लक्षिलेली सूचना

याउलट उदाहरण कॅलिफोर्नियाचे आहे. ए.एक्स.आर.-१ या खुंटाची फायलोक्झेरास तोंड देण्याची शक्ती अपुरी असल्याचा अनुभव युरोपात पूर्वीच आला होता. तरीही जोमदार वाढ व भरपूर उत्पन्न पाहून कॅलिफोर्नियात त्याची मोठ्या प्रमाणावर लागवड झाली. १९८० नंतर नापा व सोनोमा भागांत त्या बागा बसू लागल्या आणि हजारो एकरांवर नव्याने लागवड करावी लागली. पहिल्या काही वर्षांचे भरघोस पीक म्हणजे खुंटाच्या टिकाऊपणाची ग्वाही नव्हे, हे येथे दिसून येते.

आपल्या बागांसाठी बोध

महाराष्ट्रात खुंटाचा प्रसार झाला तो मुख्यतः पाण्याची टंचाई व क्षार यांमुळे. टेक्सासमधूनच आलेला डॉगरिज हा खुंट येथे सर्वाधिक रुळला. परंतु क्षारयुक्त पाणी असलेल्या काही बागांत या खुंटावरील वेलींत सोडियम साठून पालाशची उणीव आढळून आली. तेथे ११० आर या खुंटाचाही विचार होतो. हा खुंट बर्लांडिएरी व रूपेस्ट्रिस यांच्या संकरातील आहे.

यासाठी लागवडीपूर्वी माती व पाणी तपासून सामू, क्षारता, मुक्त चुना व सोडियम यांचे प्रमाण जाणून घ्यावे. अनोळखी खुंट प्रथम दोन-चार ओळींतच लावावा व शेजारी ओळखीचा खुंट ठेवून तीन-चार हंगाम दोहोंची नोंद करावी. परदेशी काड्या परस्पर आणू नयेत. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार परवाना व तपासणी आवश्यक आहे. फायलोक्झेराचा प्रवास अशाच वेलींबरोबर झाला होता, हे विसरू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शिवारफेरीच्या वेळी केवळ उत्पन्नाचा आकडा विचारू नये. खुंट कोणता, माती व पाणी कसे, बाग किती वर्षांची आणि वेली मेल्या किती, हेही विचारून वहीत टिपावे. ज्याची बाग बसली त्यानेही तिची हकीकत मोकळेपणाने सांगावी. तिच्यामुळे शेजारच्या दहा बागा वाचू शकतील.