सासर बऱ्हाणपूर, माहेर रावेर : तक्रार कुठे करायची?

बऱ्हाणपूरच्या कितीतरी सुनांचं माहेर रावेर-भुसावळकडचं. मारहाण झालेली लेक माहेरी आली की घरचेच म्हणतात, "केस तिकडेच होणार, राज्य वेगळं ना!" तसं नाही. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ च्या कलम २७ प्रमाणे आपण सध्या जिथे राहता, मग ते तात्पुरतं का असेना, तिथल्या दंडाधिकाऱ्यांकडे म्हणजे मॅजिस्ट्रेटकडे अर्ज चालतो. त्यांचा आदेश देशभर लागू होतो.

आधी जीव सांभाळा. पोलिसांसाठी ११२, महिला हेल्पलाइनसाठी १८१. जखम असेल तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. तिथे "जिन्यावरून पडले" म्हणू नका. लाजेपोटी सांगितलेलं ते एक वाक्य पुढे कोर्टात आपल्याच विरुद्ध वाचलं जातं.

मग संरक्षण अधिकारी. पीडितेला मदत करण्यासाठी सरकारने नेमलेला हा माणूस. तो कौटुंबिक घटना अहवाल भरतो. त्यात तारीख, वेळ, जागा, कोणी काय केलं, असे रकाने असतात. मारहाणीबरोबर शिवीगाळ, खर्चाला पैसे न देणं, स्त्रीधन विकणं हेही त्यात येतं. "नेहमीच मारतो" एवढ्याने भागत नाही. तारीख आठवत नसेल तर "पोळ्याच्या आदल्या रात्री" असं तरी सांगा.

वकिलाची फी नाही म्हणून थांबू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बाईला मोफत वकील देतं, तिचं उत्पन्न कितीही असो. फोन १५१००.

पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात प्रकरण लांबतं. म्हणून कलम २३ खाली अंतरिम आदेश, म्हणजे निकालापूर्वीचं संरक्षण आणि खर्च, सुरुवातीलाच मागा. पुष्कळ जणी इथेच चुकतात. घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी तिथे राहण्याचा हक्क मागता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तसा निर्णय दिला आहे.

समेटाचा आग्रह होईलच. समेट करायचाच तर अटी लेखी घ्या, आणि अर्ज घाईने मागे घेऊ नका.

संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आदेशाची प्रत फुकट मिळते, ती जवळ बाळगा.

आणि भिंतीपलीकडचा मार आपल्याला ऐकू येत असेल, तर संरक्षण अधिकाऱ्याला आपणही कळवू शकता. चांगल्या हेतूने दिलेल्या खबरीबद्दल आपल्यावर कोणतीही कायदेशीर जबाबदारी येत नाही. कृपा करून कळवा.