सिनेमातल्या तृतीयपंथी स्त्रिया : आपली मुलं त्यातून काय शिकतात?

गोंदियाहून बल्लारशाहकडे जाणारी गाडी सौंदडला थांबली की कधी कधी डब्यात टाळी ऐकू येते. मोठी माणसं खिशात सुट्टे शोधतात, नाहीतर खिडकीबाहेर बघत बसतात. पोरं मात्र हसतात. मागच्या महिन्यात आमच्याच घरातल्या सात वर्षांच्या मुलाने दस्तरखानावर बसल्या बसल्या त्या टाळीची नक्कल केली. आवाज जाड केला, मान वाकडी केली. सगळे हसले, आम्हीही हसलो. नंतर लक्षात आलं, या पोराने अशी बाई जवळून कधी पाहिलेलीच नाही. मग शिकला कुठून? मोबाईलवरच्या सिनेमातून.

तेव्हा आधी नीट समजून घेऊ. जन्माच्या वेळी मुलगा म्हणून नोंद झाली, पण स्वतःला जी स्त्री म्हणून ओळखते, ती तृतीयपंथी स्त्री. 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नालसा खटल्याच्या निकालात सांगितलं की आपण कोण आहोत हे ठरवण्याचा हक्क त्या व्यक्तीचाच आहे. आपल्या सिनेमाने मात्र ते त्याच्या कितीतरी आधीच परस्पर ठरवून टाकलं होतं.

1977 चा ‘अमर अकबर अँथनी’ आठवा. सलमाच्या वडिलांची, म्हणजे तय्यब अलीची फजिती करायला अकबर हिजड्यांची टोळी घेऊन येतो. गाणं मजेचं आहे, आम्हीही लहानपणी त्यावर नाचलोय. पण त्या मंडळींना सिनेमात काम काय, तर कुणाची तरी भर रस्त्यात लाज काढायची. त्यांना नाव नाही, घर नाही. मग 1991 मध्ये ‘सडक’ आला. कोठा चालवणारी, मुलींचा सौदा करणारी महाराणी आली. ही भूमिका केली आपल्या नगरच्या सदाशिव अमरापूरकरांनी, आणि खलनायकी भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअरही मिळालं. अभिनय जबरदस्त, यात वाद नाही. पण हसण्याच्या जागी आता भीती आली, एवढाच फरक. 2022 च्या ‘गंगूबाई काठियावाडी’त विजय राज यांची रझियाबाई पाहा. एकतीस वर्षांनी पुन्हा तोच कोठा, तीच दहशत, आणि यावेळी नाव आपल्यातलं.

इथे आपल्या वाचकांना एक गोष्ट वेगळी समजावून सांगायची गरज नाही. सुरमा, ताबीज आणि हातात बंदूक, असा मुसलमान पडद्यावर वर्षानुवर्षं पाहून आपण चिडलोय. ‘आमच्या मोहल्ल्यात असं कोण राहतं?’ असं आपण विचारतो. तोच प्रश्न या बायकांनी विचारला तर?

मराठी सिनेमा यापेक्षा समजूतदार निघाला, पण तिथेही एक गल्लत होते. ‘जोगवा’ (2009) मध्ये तायप्पाला देवीच्या नावाने लुगडं नेसवून जोगता बनवतात. त्या भूमिकेसाठी उपेंद्र लिमये यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘नटरंग’ (2010) मधला गुणा तमाशासाठी नाच्या होतो आणि गावाची टिंगल, अत्याचार सोसतो. दोन्ही सिनेमे पाहून डोळ्यांत पाणी येतं. पण नीट बघा, तायप्पा पुरुष आहे, गुणाही पुरुष आहे. ‘हा पुरुष असून लोक याला पुरुष मानत नाहीत’ हे त्यांचं दुःख. तृतीयपंथी स्त्रीचं दुःख बरोबर याच्या उलट. ती बाई आहे, आणि लोक तिला ‘तू तर पुरुष’ म्हणत राहतात. आपल्या झाडीपट्टीत हा फरक कळायला जड जाऊ नये. दंडारीत पुरुषच लुगडं नेसून बाईचं सोंग घ्यायचे. खेळ संपला की लुगडं उतरायचं आणि सकाळी तोच माणूस शेतावर. तृतीयपंथी स्त्रीच्या अंगावरचं लुगडं हे सोंग नसतं.

आई म्हणून तिला दाखवायचा प्रयत्नही झालाय. 1997 चा महेश भट्ट यांचा ‘तमन्ना’ फार लोकांनी पाहिला नाही, मिळाला तर जरूर पाहा. मुंबईतला टिकू कचऱ्यात टाकलेली एक मुलगी उचलतो, दोस्त सलीमच्या साथीने वाढवतो, बोर्डिंगच्या शाळेत घालतो. आपण कोण आहोत हे मात्र तिच्यापासून लपवतो. खऱ्या घटनेवरचा हा सिनेमा, परेश रावल यांनी मन लावून केलेला. तरीही चेहरा उसनाच.

बरोबर वीस वर्षांनी, 2017 मध्ये, विक्सच्या एका जाहिरातीत मुलगी आईबरोबर बसने बोर्डिंगच्या शाळेत निघालेली दिसली. आई होत्या गौरी सावंत. पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत काम करणाऱ्या, खरोखर एक मुलगी दत्तक घेऊन वाढवलेल्या. नक्कल करणारा नट मध्ये कुणीच नव्हता. पुढे 2023 मध्ये त्यांच्यावर ‘ताली’ ही मालिका निघाली. ती ‘नटरंग’वाल्या रवी जाधव यांनीच केली, पण गौरी झाल्या सुष्मिता सेन. पुरुष नटाऐवजी स्त्री आली, ही एक पायरी वर म्हणायची. पुढची पायरी लाहोरच्या ‘जॉयलँड’ने 2022 मध्ये गाठली. त्यात तृतीयपंथी नर्तकी बिबाची भूमिका अलीना खान यांनी केली, ज्या स्वतः तृतीयपंथी आहेत. कान महोत्सवात त्या सिनेमाला पुरस्कारही मिळाला.

‘जॉयलँड’ मोठ्यांचा सिनेमा आहे, तो मुलांना दाखवता येणार नाही. म्हणून आम्ही घरातल्या त्या पोराला ती जाहिरात दाखवली. शेवटपर्यंत गप्प बसून पाहिली त्याने. मग म्हणाला, ‘ही टाळी का नाही वाजवत?’ त्याच्या अम्मीने सांगितलं, ‘पोरीला शाळेत सोडायला निघालीये ना ती.’ त्याने पुन्हा एकदा लावायला सांगितली.